पाठ सोडू नको

आमच्या संघात जेसांग पाचवी यायची. एखाद्या वर्षी नव्हे, सलग अकरा वर्षं.

माळावरच्या शर्यतीत एका संघाच्या सहा जणी पळतात. पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्या संघाची बेरीज कमी, त्याचा चषक. पाचवी आणि सहावी मोजत नाहीत. कुणाचा पाय मुरगळला, कुणी पडली, तर हाताशी असाव्यात म्हणून त्या पळतात. सहावी मी होते. पण मी दोनच हंगामांपुरती आलेली, माझं सोडा.

तानो म्हणजे पाच. संघातल्या पोरी तिला तोंडावर तानोताई म्हणायच्या, ती ओ द्यायची. खरं नाव जेसांग, म्हणजे घराबाहेर जन्मलेली. आमच्याकडे जन्माच्या वेळेवरून, जागेवरून नावं पडतात. मी जेरोतिच, गुरं घरी परतायच्या वेळची. जेसांगची आई नाचणीच्या शेतात कणसं खुडत होती, घर गाठायच्या आत ही झाली. "बांधावर एकटीच रडत होते म्हणे," जेसांग एकदा म्हणाली होती, "आई नाळ कापायला धारदार पातं शोधत होती." एवढं सांगून ती बुटांच्या नाड्या बांधायला वाकली.

मी संघात आले तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. जंगलाच्या कडेला रोपवाटिका आहे, तिथे सरूची रोपं पिशव्यांत भरायचं काम करायची. नवरा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडच्या चहामळ्यात कामाला गेला. सुरुवातीला पत्रं आली, मग पत्रं थांबली. मूल नव्हतं. आमच्याकडे बाईला तिच्या पोराच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई म्हणून. जेसांगला तशी हाक मारायची सोय नव्हती, म्हणून कदाचित तानो हे नाव तिला इतकं चिकटलं.

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला आम्ही चौफुल्यावर जमायचो. जानेवारीत पठारावर बोटं आखडतील इतकी थंडी असते. तांबड्या मातीवर दवाचा पातळ थर धरलेला असायचा. मास्तर कोरोस कानटोपीतून फक्त नाक बाहेर ठेवून यायचे आणि शिट्टीऐवजी घसा खाकरायचे. तेवढ्यावर सगळ्या सुटायच्या.

हळू पळायच्या दिवशी पुढच्या बाईला कुणी ओलांडायचं नाही आणि मागच्या बाईला कुणी टाकून यायचं नाही, असे मास्तरांचे दोनच नियम होते. पहिला नियम पुढची सांभाळायची. दुसऱ्यासाठी जेसांग होती. ती मुद्दाम सर्वांत मागे पळायची. एखादीचा दम तुटायला लागला, की श्वासाच्या आवाजावरून तिला आधीच कळायचं. मग ती त्या मुलीच्या पुढे जायची आणि मागे न बघता म्हणायची, "पाठ सोडू नको." एवढंच. आवाज चढवायची नाही. तिच्या फिक्या निळ्या बनियनवर, दोन खांद्यांच्या मधोमध, धुऊन धुऊन विटलेला एक डाग होता. त्या डागावर नजर ठेवून पळालं की चढ संपायचा. पठारावरच्या निदान वीस मुलींनी तो डाग पाठ केला असेल. त्यातल्या कितीतरी पुढे चौघींत आल्या, काही तर आणखी वरच्या संघांत गेल्या.

आता दुधाचं सांगायला हवं, कारण तिचं सगळं त्या दुधापाशी अडलं होतं.

भोपळ्याचा तुंबा घ्यायचा, विशिष्ट झाडाची काटकी जाळून तिच्या कोळशानं तो आतून घासायचा, त्यात दूध भरून आठ-दहा दिवस मुरू द्यायचं. ते राखाडी, आंबूस दूध म्हणजे मुर्सिक. घरात रोजचं वेगळं असतं. पण शर्यत जिंकून आलेल्याला गावच्या वळणावर जे दूध देतात, त्याची रीत कडक. ते दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी भरायचं आणि दुसऱ्या कुणीतरी आपल्या ओठाला लावायचं. स्वतः भरून स्वतः प्यायलं तर ते नुसतं दूध. आणि संघ जिंकला तर मोजलेल्या चौघींनाच, क्रमांकानुसार. पाचवी-सहावीनं टाळ्या वाजवायच्या.

जेसांगची आई होती तोवर दर हंगामाला तिच्यासाठी तुंबा भरायची. "या वर्षी लागेल," म्हणायची. शर्यत झाली की तो तुंबा गुपचूप खाली यायचा आणि दूध मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर शेजाऱ्यांच्या ताटात जायचं. सात वर्षं असं झालं. मग आई गेली. तिच्यानंतर तीन हंगाम तुंबा आढ्याला उलटा टांगलेला होता.

त्या वर्षी, अकराव्या, मास्तरांनी तिला रोपवाटिकेत येऊन सांगितलं. मी तिथेच होते, रोपं मोजून घ्यायला आलेली.

"जेसांग, हा शेवटचा हंगाम धर."

"बरं."

"बनियन सहाच मिळतात गं. मागे पोरी उभ्या आहेत."

"मला दिसतात की मास्तर. त्यांना मीच आणते मागून."

मास्तरांना हसावं की नाही कळेना. त्यांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. "तू मागून हाकायला येत जा मंगळवारी. ते काही बंद नाही."

"शर्यतीत चौथी आले तर?"

"तर काय? तर चौथी." मग म्हणाले, "तर वळणावर मी स्वतः टाळ्या वाजवीन."

ती पिशवीत माती दाबत राहिली. बोटांनी दाबून झालेली माती तिनं पुन्हा एकदा दाबली.

त्याच आठवड्यात तिनं तुंबा खाली उतरवला, घासला आणि भरला. स्वतःच. शेजारीण जेमेलीच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. जेमेलीचं स्वयंपाकघर जेसांगच्या दारासमोर उघडतं.

"काय गं, पाहुणे येणार वाटतं?" जेमेली कुंपणावरून म्हणाली.

"हो."

"कोण?"

"आहेत कुणी."

"पाहुण्यांना चहा चालतो बाई. मुर्सिक भरायला कुणी हवं होतं तर आम्ही काय मेलो होतो?"

"तू भरलं असतंस?"

जेमेली कुंपणाची सुटलेली काटकी खोचू लागली. मग म्हणाली, "तू चौथी येणार असतीस तर भरलं असतं." आणि वाईट वाटलं असावं, कारण संध्याकाळी तिनं वाटीभर पालेभाजी पाठवून दिली.

शर्यत शहराबाहेरच्या मोठ्या माळावर होती. आठ किलोमीटर, दोन-दोनचे चार फेरे. सुकलेलं गवत, मधे ओंडके टाकलेले, एका बाजूला ओढ्याचं पाणी वळवून केलेला चिखल. अकरा संघ होते, पण चषक नेहमी आमच्यात आणि दरीच्या संघात असायचा. दरीच्या बायका उन्हातल्या. आमच्या थंडीत येताना दोन-दोन स्वेटर चढवून यायच्या आणि शर्यतीत आम्हाला घाम फोडायच्या.

दरीच्या संघात कोबिलो होती. तीही आता तिशी ओलांडलेली, बुटकी, रुंद खांद्यांची, पळताना डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. ती त्यांची चौथी. म्हणजे मोजली जाणारी. आमची पाचवी आणि त्यांची चौथी अकरा वर्षं एकमेकींच्या शेजारून पळत होत्या, कोबिलो नेहमी उजवीकडे. या अकरा वर्षांत दोघींत एक शब्दही झाला नव्हता. पण जेसांग म्हणायची की कोबिलोला सर्दी झालेली असली तर तिला पहिल्या फेऱ्यातच कळतं.

पहिले दोन फेरे सगळ्या घोळक्यात होत्या. तिसऱ्यात माळ मोकळा झाला. आमच्या तिघी पुढे निघून गेल्या. चौथीच्या जागी एकोणीस वर्षांची जेबिवोत होती, लांब पायांची, सगळ्यांची आशा असलेली. तिनं सुरुवात फार जोरात केली होती. तिसऱ्या फेऱ्याच्या चिखलात तिचे पाय जड पडायला लागले आणि चौथा फेरा सुरू झाला तेव्हा जेसांग तिच्या पुढे होती.

मी बरीच मागे होते, पण माळाला तिथे उतार आहे. वरून मला पुढचं सगळं दिसत होतं. निळी बनियन, तिच्या उजवीकडे जरा मागे कोबिलोची पिवळी, आणि त्यांच्या मागे डोलायला लागलेली जेबिवोत. दोरीच्या पलीकडून मास्तर धावत होते, एका हातात कानटोपी. "चौथी! जेसांग, चौथी आहेस!" ते ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला हा आकडा ओरडून सांगत होतं.

ओंडक्यापाशी जेबिवोतचा दम तुटला. तो आवाज मी ऐकला नाही, पण जेसांगनं ऐकला. आणि तिनं जे अकरा वर्षं दर मंगळवारी, दर गुरुवारी केलं होतं, तेच केलं.

मागे न बघता म्हणाली, "पाठ सोडू नको."

नंतर तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी ठरवून नाही गं म्हटलं. तोंडातून निघालं."

जेबिवोतनं मान वर केली, डाग शोधला आणि धरला. चढ संपेपर्यंत ती त्या डागामागे होती. चढ संपल्यावर समोर दोनशे मीटरचं सरळ मैदान आलं, आणि तिथे एकोणीस वर्षांच्या पायांना शुद्ध आली. ती जेसांगच्या डावीकडून निघून गेली. तिला बिचारीला कळलंही नसेल की आपण कुणाला ओलांडलं. तिला फक्त शेवटची दोरी दिसत होती.

उजवीकडून कोबिलोही निघाली. तिथे मात्र जेसांगनं हार मानली नाही. चौथी जागा गेली होती, आता धावण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं आम्हाला वाटलं असतं. ती धावली. दोघी खांद्याला खांदा लावून दोरीपर्यंत आल्या आणि जेसांगचा खांदा अर्धा हात पुढे पडला.

दोरीपलीकडे अरुंद गल्लीत आलेल्यांना क्रमांकाची पत्र्याची चकती देत होते. जेबिवोत तेरावी. जेसांग चौदावी. कोबिलो पंधरावी.

मास्तरांनी गवतावर बसून बेरीज केली. आमच्या तीन, सहा, नऊ, तेरा. एकतीस. दरीच्या दोन, सात, आठ, पंधरा. बत्तीस. मास्तरांनी दोनदा केली, मग उभे राहून कानटोपी हवेत फेकली. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जेबिवोत रडत होती. जेसांगनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्या अंगावर स्वेटर घातला आणि आपली चकती गल्लीच्या तोंडाशी ठेवलेल्या डब्यात टाकायला गेली. न मोजलेल्या चकत्या त्या डब्यात टाकायच्या असतात.

चहाच्या पातेल्यापाशी कोबिलो तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मी दोघींच्या मागे, रांगेत.

"तूच नेलास चषक," कोबिलो म्हणाली.

जेसांगनं वळून पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं तो आवाज शब्दांसकट ऐकला.

"मी कशी? मला मोजत नाहीत."

"तू माझ्या मागे आली असतीस तर मी चौदावी. मग आमचेही एकतीस. बरोबरी झाली की ज्यांची पहिली पुढे, त्यांचा चषक. आमची पहिली दुसरी आली, तुमची तिसरी." कोबिलोनं चहात साखर टाकली, आणखी टाकली. "दरवर्षी तू माझ्यात एक मिळवतेस, बाई. घरी जाऊन मी तेच मांडत बसते. नवरा म्हणतो, तुला त्या निळीचं वेड लागलंय."

जेसांगनं पातेल्यातून आपला कप भरून घेतला.

"आणि आज त्या पोरीला म्हणालीस ना, पाठ सोडू नको?"

"ऐकलंस?"

"ऐकलं? मीपण धरली." कोबिलो खो खो हसली, चहा हिंदकळला. "नाहीतर मी त्या चढावरच बसले असते." मग हसू ओसरलं तशी तिनं विचारलं, "तुला दूध कोण देतं?"

"कुणी नाही. म्हटलं ना, मला मोजत नाहीत."

"मी मोजते," कोबिलो म्हणाली. "अकरा वर्षं मोजतेय."

आणि दरीच्या गाडीनं भोंगा वाजवला तशी ती कप तसाच ठेवून पळाली.

गावच्या वळणावर बायका उभ्या होत्या. जेमेलीच्या हातात तुंबा. चौघी ओळीनं उभ्या राहिल्या आणि जेमेलीनं एकेकीच्या ओठाला तो लावला. जेबिवोतच्या हनुवटीवरून राखाडी थेंब ओघळला, सगळ्या हसल्या. जेसांग आणि मी टाळ्या वाजवत होतो. तिच्या टाळ्यांना एक ताल होता, पुष्कळ वर्षं वाजवणाऱ्याचा. जेमेलीनं तुंब्याचं झाकण लावताना एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. रीत ती रीत.

मला वाटलं, जेसांग घरी जाऊन स्वतःचा तुंबा शेजाऱ्यांत वाटून टाकेल. जेमेलीनं म्हणे दाराकडे लक्षही ठेवलं होतं. पण दार लागलं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. तरी सवयीनं मी सकाळी निघाले. कड्याच्या वाटेवर मला तिच्या पाऊलखुणा दिसल्या. चालतानाच्या होत्या, पळतानाच्या नव्हत्या. तुंबा घेऊन पळता येत नाही. पुढचं तिनंच मला सांगितलं, पुढे कधीतरी, रोपं भरता भरता.

कड्यावरून दरीत उतरायला दोन तास लागतात. प्रत्येक वळणाला हवा गरम होत जाते. खाली पोहोचेपर्यंत आंब्याची झाडं, शेळ्या आणि अंगाला चिकटलेला सदरा. कोबिलोचं घर विचारत विचारत ती पोचली तेव्हा कोबिलो अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. जेसांगकडे पाहिलं, तुंब्याकडे पाहिलं.

"भरलं कुणी?"

"मीच."

"वेडी का काय तू?"

"दुसरं कोण भरणार?"

कोबिलो आत गेली, आपला तुंबा घेऊन आली. जेसांगचं सगळं दूध तिनं त्यात ओतलं, हलवलं आणि मग पुन्हा जेसांगच्या तुंब्यात भरलं, थेंब न सांडता. "हं. आता मी भरलं," म्हणाली. "उभी राहा नीट. वाकतेस काय चिखलात असल्यासारखी."

जेसांग उभी राहिली. अंगणात दोन शेळ्या होत्या आणि कुणी नव्हतं. कोबिलोनं टाचा उंचावल्या, तुंबा तिच्या ओठाला लावला आणि एका हातानं तिची मान धरली, लहान मुलाला पाजताना धरतात तशी. मग तुंबा काखेत धरून तिनं टाळ्या वाजवल्या, एकटीनंच.

"फार आंबलंय," जेसांग म्हणाली.

"अकरा वर्षं झाली ना भरून."

मग दोघी आंब्याखाली बसल्या. बोलायला फारसं नव्हतं. पळताना कधी बोलल्या नव्हत्या, बसून कसं बोलणार. उन्हं चढल्यावर कोबिलोनं विचारलं, "पुढच्या वर्षी येतेस ना?"

"नाही. बनियन दिली परत."

कोबिलो बराच वेळ सुपातले खडे निवडत राहिली. मग म्हणाली, "मग माझ्या बाजूला कोण?"

भांडं रिकामं परत देत नाहीत म्हणून कोबिलोनं फडक्यात चार आंबे बांधून दिले आणि पहिल्या वळणापर्यंत पोचवायला आली. दोघींची चाल एकच पडत होती. वळणावर कोबिलो थांबली.

परतताना जेसांग मला कड्याच्या वरच्या टोकाशी दिसली. दुपार कलल्यावर मी पुन्हा तिकडे जाऊन दगडावर बसले होते, खालून ती येत होती. पाठीला तुंबा, हातात फडकं, दमलेली. वाट तिथे चांगली रुंद आहे, दोन बैल जातील इतकी, आणि वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. पण जेसांग अगदी डाव्या कडेनं चढत होती, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून.